न दुखणारा चट्टा

अंगावर एखादा चट्टा उठलाय, पण तो खाजत नाही, दुखत नाही, त्याची आग होत नाही, म्हणून तुम्ही खूश असाल तर होऊ नका. मी झाले होते. चांगली वर्ष-दीड वर्ष खूश होते.

माझा चट्टा उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली. फिकट, कडेने लालसर, पाणीपुरीच्या पुरीएवढा. दिसायचा, पण त्रास काही नाही. मला वाटलं, या वयात शरीर काही न मागता एखादी गोष्ट देतंय तर घ्यावी.

ज्यांना हा आजार झालाय, किंवा झाला असेल अशी शंका आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आजाराचं नाव पुढे येईलच. आमच्या घरात ते यायला फार वेळ लागला, तेव्हा तुम्हीही थोडं थांबा.

लोखंडी हात

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. घरात तांदळाची भाकरी. लग्न होऊन लालबागच्या खोलीत आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “उलथनं आजाऱ्यांसाठी असतं. भाकरी हाताने उलटायची.”

तेव्हाची कुंदा, म्हणजे मी, एक नंबरची बावळट. विशीतली, अंगाने काटकुळी, चेहऱ्याला इतकी पावडर लावायची की चाळीत वीज गेली तरी हिची जागा कळावी. तिने इरेला पेटून तव्यात बोटं घातली, भाकरी उलटली, सासूबाईंकडे बघून हसली आणि मोरीत जाऊन पाण्याच्या बादलीत हात बुडवून ढसाढसा रडली. फोड आले. कुणी विचारलं तर म्हणायची, “ढेकूण चावला.” बोटाच्या टोकाला चावणारा ढेकूण मी तरी पुढे कधी पाहिला नाही.

सांगायचं म्हणजे, भाकरी उलटताना बोटं भाजणं ही माझ्या मते शिकाऊपणाची खूण होती. त्यामुळे साठी उलटल्यावर बोटं भाजायची बंद झाली, तेव्हा मला वाटलं, चला, इतक्या वर्षांची तालीम फळाला आली.

मी तर मिरवायला लागले. बेव्हर्ली पार्कमध्ये आमच्या शेजारी हंसाबेन राहतात. त्यांच्या गॅसवर फुलका मी चिमट्याशिवाय फुगवून दाखवला. त्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “कुंदाबेन, तमे तो जादूगर!” नातीला, इराला, सांगितलं की आजीचे हात लोखंडाचे आहेत. पाच वर्षांच्या मुलीला ते पटलं. पासष्ट वर्षांच्या बाईलाही पटलं होतं, तिथे तिचं काय!

एकदा सूनबाई, मानसी, बाहेरच्या खोलीतून ओरडली, “आई, काहीतरी करपतंय!”

मी तव्यावर बघितलं. भाकरी पांढरीशुभ्र. करपत होतं ते माझं करंगळीच्या बाजूचं बोट. तव्याच्या कडेला टेकून राहिलं होतं.

“लागलं नाही ना?” मानसीने विचारलं.

“छे,” मी म्हटलं. खरंच लागलं नव्हतं.

ऑर्किडवालं क्लिनिक

डॉक्टरकडे गेले ती बोटासाठी नाही. भाचीचं लग्न आलं होतं आणि मला अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घालायचं होतं. पावडरवाली कुंदा मेली नव्हती, आत दबा धरून बसली होती.

मानसीने मोबाइलवर एक स्किन क्लिनिक शोधलं. मीरा रोडला, पहिल्या मजल्यावर. आत गेल्यावर आधी गारवा, मग प्लास्टिकची पांढरी ऑर्किड्स, मग भिंतभर आरसा. आजारी माणसाने स्वतःकडे इतकं बघत बसावं, असं कुठल्या दवाखान्यात असतं? माझ्या शेजारी दोन लग्नाळू मुली होत्या आणि एक केस गळणारा तरुण. सगळे आरशात आपापलं बघत होते.

डॉक्टर काचेच्या मोठ्या टेबलापलीकडे. तरुण, देखणा, गुळगुळीत. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून टेबलापलीकडूनच माझा हात बघितला.

“पिगमेंटेशन आहे. उन्हाचं, वयाचं. लेझरने जाईल. बाहेर मॅडम सगळं समजावतील.”

एवढंच. मी हात टेबलावर पसरून ठेवला होता, त्याला वाटलं तर हात लावून बघावा म्हणून. नाही बघितला. मी तो परत उचलून घेतला.

बाहेरच्या मॅडमने पॅकेज समजावलं, सही घेतली आणि आतल्या खोलीत एका मुलीच्या हवाली केलं. मुलगी गोड होती. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, हातावर गार जेल फासलं.

“आंटी, रबरबँड लगने जैसा लगेगा. दर्द हुआ तो बोलना.”

मशीन चट्ट्याच्या कडेला टेकलं तेव्हा चटका बसला. मग आत आलं आणि चटके थांबले. मी वाट बघत राहिले. टक टक आवाज येत होता, करपट वास येत होता, पण माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

“दर्द नहीं हो रहा?”

“नहीं तो.”

“बापरे! लडकियाँ रो देती हैं, आंटी. आप तो एकदम स्ट्राँग हो.”

आणि तुम्हाला खोटं सांगत नाही, मी सुखावले. चष्म्याच्या आत डोळे मिटून स्वतःचं कौतुक करत पडून राहिले. त्या पोरीने विचारलं, “थोडा पावर बढाऊँ?” मी म्हटलं, “बढाओ.”

लेझर खाताना बाई हूं की चूं करत नाही, याचं नवल त्या अख्ख्या क्लिनिकमध्ये कुणालाच वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

“तुम्ही खाजवलं असणार”

दोन दिवसांनी मानसीने माझी बाही बघितली. ओली होती. वर सारली तर खाली मोठा फोड, फुटलेला. मी त्याच हाताने कपडे पिळले होते, मटार सोलले होते. मला पत्ता नव्हता.

मानसीने क्लिनिकला फोटो पाठवला. उत्तर आलं : नॉर्मल है, आइस लगाइए. बर्फ लावला. बर्फही कळला नाही. पुढच्या आठवड्यात जखम चिघळली तेव्हा आम्ही दोघी परत गेलो. डॉक्टर दुसऱ्या ब्रँचला होते. आरशासमोर बसलो. दुपार उलटली तेव्हा ते आले, दारातूनच बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही खाजवलं असणार.”

“अहो, खाजतच नाही तर खाजवू कशाला?”

“नकळत होतं, आंटी. झोपेत वगैरे.”

“दुखतही नाहीये मला.”

“मग चांगलंच आहे ना!”

मानसी म्हणाली, “डॉक्टर, जखमेतून पू येतोय आणि त्यांना दुखत नाही, हे चांगलं कसं?” तो तोपर्यंत आत गेला होता. बाहेरच्या मॅडमने एक ट्यूब हातात ठेवली.

नंतर माझा मुलगा नीलेश तिथे भांडायला गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की राहिलेली सिटिंग्ज घरातल्या दुसऱ्या कुणालाही ट्रान्स्फर करता येतील, सूनबाईंना वगैरे. त्यांचा मेसेज मला अजूनही सणासुदीला येतो. त्वचा उजळू दे, असा.

कापूस

जखम भरेना, तेव्हा जेसल पार्कच्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी जखम बघितली, मग करपलेलं बोटही बघितलं. चिठ्ठी देऊन सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात पाठवलं. नीलेश बरोबर आला.

तिथे आरसा नव्हता. बाक होते, त्यावर माणसं होती, आणि नंबर आला की एक मावशी अशी हाक मारायची की मेलेलाही उठून आत जावा.

डॉक्टरीणबाई पोरगेलीशी होती. तिने आधी माझा हात आपल्या हातात घेतला. घेतला आणि धरूनच ठेवला. बोटं उलटसुलट केली, कोपरामागे चाचपलं, दंडापर्यंत गेली. मग पाठ दाखवायला सांगितली. पाठीवर आणखी दोन चट्टे होते. मला कधी दिसले नव्हते, आणि ऑर्किडवाल्यांनी कधी पाठ विचारलीच नव्हती.

मग तिने कापसाची वात काढली.

“आजी, डोळे मिटा. मी जिथे कापूस लावेन तिथे डाव्या हाताचं बोट ठेवायचं.”

मी मिटले आणि एक डोळा किलकिला केला.

“कॉपी नाही करायची, आजी.”

मग मात्र घट्ट मिटले. तिने दंडाला लावला, मी बोट ठेवलं. खांद्याला लावला, बोट ठेवलं. मग थांबली. मी वाट बघितली. पंख्याचा आवाज येत होता. फारच वेळ लावतेय म्हणून मी म्हटलं, “करा ना सुरू, बाळा.”

ती म्हणाली, “झालं, आजी.”

डोळे उघडले तर नीलेश भिंतीकडे बघत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. कापूस माझ्या चट्ट्यावरून, मनगटावरून, पाचही बोटांच्या टोकांवरून फिरून गेला होता, आणि मी तशीच बसून होते.

कातडीची तपासणी झाली. पुढच्या खेपेला तिने शब्द उच्चारला. कुष्ठरोग. आडवळण घेतलं नाही, आवाज खाली आणला नाही. “पूर्ण बरा होतो, आजी. गोळ्या इथे फुकट मिळतील, वर्षभर घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही. पण नसा सुजल्यात. हाताची संवेदना किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.”

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही नाही. तिच्या पेनाचं टोपण चावलेलं होतं, ते मी बघत होते. डॉक्टर झाली तरी टोपण चावते, असं मनात आलं. मग विचारलं, “भाकरी करता येईल?”

“येईल की. फक्त उलथनं वापरा. विस्तवाजवळ हात न्यायचा नाही.”

माझ्या मनात प्रश्न वेगळा होता. भाकरी करता येईल, पण खाईल कोण?

अ‍ॅलर्जी

रिक्षात नीलेश म्हणाला, “आई, हा शब्द घरात नको. अ‍ॅलर्जी म्हणायचं.”

“मानसीला?”

“तिला सांगीन मी. सोसायटीत अ‍ॅलर्जी.”

त्याने तिला कधी सांगितलं, काय सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर होता. मग एक ताट वेगळं झालं, निळ्या कडेचं. मग कपही. कुणी एक शब्द बोललं नाही. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या यायला लागल्या.

“आई, तुम्ही आराम करा,” मानसी म्हणायची.

“केला की. दमले आता आराम करून.”

ती हसायची नाही. मीही नंतर विनोद करणं सोडलं. सकाळी गोळ्या, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी. इरा मांडीवर यायला लागली की मानसी आतून हाक मारायची, “इरू, आजीचा हात दुखतोय ना?” इरा थबकायची. माझ्या हाताकडे बघायची. जगात जर काही दुखत नव्हतं तर तो हात.

मला राग यायला हवा होता. आला नाही. पोर लहान होती, मानसी तिची आई होती, मी तिच्या जागी असते तर टॉवेल गॅलरीत टांगला असता. हे सगळं मला डोक्याने समजत होतं. बाकी आतून, त्या कापसासारखंच. काहीतरी फिरून जात होतं, मी वाट बघत होते.

माणसाला माणूस म्हणून मोजलं ते रुग्णालयाच्या बाकावर. गोळ्यांच्या पहिल्या पाकिटाला शेजारी काशीमीऱ्याचा एक ट्रक ड्रायव्हर होता, पायाला हाच आजार.

“मौसी, पहला पत्ता है?”

“हां.”

“इस दवा से पेशाब लाल होगा. डरना मत. मेरे को किसी ने बताया नहीं था. मैंने तो हायवे पे गाडी रोकी और घर फोन लगाया, बोला बच्चों का खयाल रखना.”

त्या महिन्यात मी एकदाच हसले, ती तेव्हा. त्याच्याकडे पार्ले बिस्किटासारखं कसलंसं बिस्किट होतं, त्याने पुडा पुढे केला. मी घेतलं. मग मी पिशवीतली सुपारी पुढे केली, त्याने घेतली. इतकं साधं होतं ते.

गोळ्यांनी मी काळवंडले, हेही सांगून ठेवते. नंतर रंग हळूहळू परत येतो, पण तेव्हा कुणी बोलत नाही असं नाही. लिफ्टमध्ये हंसाबेन म्हणाल्या, “कुंदाबेन, गाँव गए थे क्या? धूप बहुत लगी है.” हळद-साय चोळून विशी घालवलेल्या त्या पावडरवालीला हे ऐकवायला हवं होतं. भाचीच्या लग्नाला मी पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजमध्येसुद्धा गेले नाही.

इराचा गाल

दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायची, “आजी, घरच्यांना कधी आणताय? सगळ्यांची तपासणी करायला हवी.” मी घरी सांगायचे. नीलेश म्हणायचा, “बघू.” त्याला तिथे ओळखीचं कुणी भेटेल याची भीती होती. ओळखीचं भेटलं तर तेही तिथेच आलेलं असणार, हे मी त्याला सांगून बघितलं. “बघू,” म्हणाला.

एका सकाळी मानसी इराची वेणी घालत होती. मध्येच थांबली. इराला खिडकीशी नेलं, हनुवटी धरून गाल उजेडात वळवला. मग माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात कंगवा तसाच.

“आई, ती ओपीडी आज असते?”

इराच्या गालावर फिकट डाग होता.

 माझ्याकडून गेलं, एवढंच डोक्यात आलं आणि तिथेच थांबलं. साडी बदलली, कागद घेतले. नीलेश ऑफिसला निघाला होता, बूट घालता घालता म्हणाला, “मी येऊ का?” मानसी म्हणाली, “आता कशाला?” तो तसाच एका पायात बूट घालून उभा राहिला. आम्ही तिघी निघालो. मानसीने सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

बाकावर ती इराला घट्ट धरून बसली होती. तिच्या पलीकडे मी, मध्ये माझी पिशवी.

“मी नेटवर खूप वाचलं, आई,” ती समोर बघत म्हणाली. “गोळ्यांनंतर लागत नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. तरी ताट वेगळं काढायचे. रोज ठरवायचे, उद्या नाही काढायचं.”

“माहितेय,” मी म्हटलं.

“तुम्ही ओरडला का नाहीत?”

“उगीच. निळ्या कडेचं ताट मला आवडतं.”

तिने माझ्याकडे बघितलं, पण आमचा नंबर पुकारला गेला.

डॉक्टरीणबाईने इराला स्टुलावर बसवलं. “डोळे मीट बघू. कुठे हात लावला ते सांगायचं हां.” कापसाची वात इराच्या कपाळाला लागली. “इथे!” कानाला. “इथे!” मग त्या डागावर. मी इराकडे बघत नव्हते, मानसीकडे बघत होते. ती श्वास घेत नव्हती.

इरा खुदकन हसली. “गुदगुल्या होतायत!”

“हा साधा डाग आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “मुलांना होतो, जातोही. तो नाहीये हा.” मग मानसीला तपासलं, हात, पाठ, सगळं. तीही नीट होती. खबरदारीचं औषध दिलं आणि बजावलं, “बाबांना घेऊन या. बघू वगैरे नको.”

बाबा चार दिवसांनी आले. तपासून घेतलं, काही निघालं नाही, बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले.

आता

वर्षाच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. आजार गेला. हात पूर्ण परत आलेला नाही. करंगळी जराशी वाकडी राहिलीय, बोटांची टोकं मुकी आहेत. गरम कप डाव्या हाताने तपासून मग उजव्यात घेते. रोज संध्याकाळी दोन्ही हात उजेडात धरून बघते, कुठे कापलं, भाजलं का, कारण हात स्वतःहून सांगणार नाही. तुम्हालाही हे करावं लागेल. सवय होते.

क्लिनिकबद्दल इतकंच : भिंतीवर काय लावलंय ते बघू नका. डॉक्टर तुम्हाला हात लावतो का, ते बघा. आणि दुखत नाही, हे त्याला ओरडून सांगा. दुखतंय हे सांगतो तसं.

इराला तपासलं त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. रुग्णालयाबाहेर मी केळी घेतली आणि रिक्षात बसलो. रस्ता खणलेला, रिक्षा उसळत होती. इरा मानसीच्या खांद्यावर झोपून गेली. मानसीने एका हाताने तिला कवटाळलं होतं, दुसऱ्याने रिक्षाची दांडी धरली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी केळं सोललं, तुकडा मोडला आणि तो हातात धरून बसले. तिच्यापुढे करावा की मागे घ्यावा, ते मला ठरवता येईना.

“आई,” ती म्हणाली, “भरवा ना. हात कुठे मोकळा आहे माझा?”

मी हात पुढे केला. तिने तोंड उघडलं. तिचे ओठ माझ्या बोटांना टेकले. मला ते कळलं नाही, फक्त दिसलं. मी दुसरा तुकडा मोडला.